आठवी ‘ब’ची सरस्वती

आमच्या शाळेत कॉम्प्युटर आला आणि मुलांना त्याचं पहिलं दर्शन घडलं ते खिडकीच्या गजांतून. हे सांगितलं की लोकांना वाटतं, बाई तिखटमीठ लावून सांगतायत. अहो, कसलं तिखटमीठ! खोलीला कुलूप होतं, आत गालिचा होता, आणि मधल्या सुट्टीत पोरं एकमेकांच्या पाठीवर चढून, डबा खाता खाता आत डोकावत होती. राणीच्या बागेत वाघ बघायला जातात तशी. वाघ निदान मधूनमधून कूस तरी बदलतो.

ऐंशीच्या दशकाचा मधला काळ होता. बोरिवली पूर्वेला आमची मराठी माध्यमाची शाळा. मुलं आसपासच्या चाळींतली, बरीचशी दहिसरच्या नदीपलीकडून चालत येणारी. कुणाचे वडील गिरणी बंद पडल्यावर वॉचमन झालेले, कुणाचे रिक्षा चालवणारे. सरकारने कॉम्प्युटर शिकवण्यासाठी काही शाळा निवडल्या होत्या, त्यात आमचं नाव कसं लागलं ते देव जाणे. मी गणित आणि विज्ञान शिकवायचे. मुख्याध्यापक म्हणाले, “बाई, तुम्ही जा ट्रेनिंगला. तुम्ही तरुण आहात.” मी तरुण! घरात दोन पोरं, सासूबाईंचे गुडघे आणि चाळिशीचा चष्मा लवकरच लागणार असं डॉक्टरांनी सांगितलेलं. पण स्टाफरूममध्ये बाकीच्यांनी वर्तमानपत्रात तोंडं खुपसली होती, म्हणून मी तरुण.

मे महिन्याची अख्खी सुट्टी एका इंजिनिअरिंग कॉलेजात घाम गाळत शिकले. शिकले म्हणजे काय, जेवढं डोक्यात राहिलं तेवढं घेऊन आले. शिकवणारा माणूस चांगला होता, तिशीचा, फाडफाड बोलणारा. शेवटच्या दिवशी त्याने आम्हा सगळ्या शिक्षकांना बसवून सांगितलं, “हे मशीन तुमच्याकडे दिवाळीपर्यंत. त्यानंतर मी येऊन बघणार. मुलं स्वतःच्या हातांनी काही करत असतील तर मशीन तुमचं कायमचं. झाकून ठेवलेलं दिसलं तर उचलून दुसऱ्या शाळेला देणार. अंधेरीतली एक शाळा रांगेत उभीच आहे.”

ही अट मी मुख्याध्यापकांना आल्या आल्या सांगितली. ते म्हणाले, “अर्थातच, बाई, अर्थातच.” आणि त्यांनी खोलीला दुसरं कुलूप लावलं.

ते वाईट नव्हते हो. कुणाला वाटायचं मी त्यांच्यावर डूख धरून आहे. छे! आयुष्यभर फुटक्या परीक्षानळ्या चिकटवून प्रयोगशाळा चालवलेला माणूस तो. एवढी महागाची वस्तू शाळेत पहिल्यांदा आली, त्याला धडकीच भरली. त्यांनी जुनी स्टोअररूम रंगवून घेतली, संस्थेच्या अध्यक्षांच्या घरचा वापरलेला गालिचा आणवला, आत जाताना चपला बाहेर काढायच्या असा नियम केला. त्यांच्या मिसेसनी मशीनला खोळ शिवली, फिक्या गुलाबी रंगाची, झालर लावलेली. झबल्यासारखी दिसायची. दर शुक्रवारी ती धुवायला घरी जायची आणि सोमवारी इस्त्री होऊन परत यायची. मी किती वेळा म्हटलं, “सर, त्याला खोळ नको, वापर पाहिजे.” ते हसायचे. “वापर करूच ना. पण जपून.”

झाली जूनअखेर एकदाची सुरुवात. आठवी ‘ब’ला आठवड्यातून दोन तास मिळाले. पन्नासच्या वर मुलं आणि मशीन एक. पाच-पाच जणांची टोळी आत, बाकीचे बाहेर व्हरांड्यात बसून मी दिलेली गणितं सोडवणार, म्हणजे गोंधळ घालणार. मी एकदा आत, एकदा बाहेर. आतल्यांना सांगायचं “दाबा”, बाहेरच्यांना सांगायचं “गप्प बसा”. तास संपला की माझा घसा बसलेला आणि जेमतेम दोन टोळ्यांचा नंबर लागलेला.

त्या मशीनची एक गंमत होती, ती सांगायला हवी, कारण पुढे सगळं त्यावरच फिरलं. बघणाऱ्याचे डोळे जायचे टीव्हीसारख्या पडद्याकडे. पण तो नुसता पडदाच. खरा कॉम्प्युटर म्हणजे त्याच्या पुढ्यात ठेवलेला, टाइपरायटरसारखी बटणं असलेला तो पसरट डबा. सगळी अक्कल त्या डब्यात. बटणांच्या मागे त्याला चांगली सपाट जागा होती, बारीक फटी असलेली. आठवी ‘ब’ला मी हे पहिल्याच दिवशी सांगितलं. तरी पोरं पडद्याकडेच बोट करून म्हणायची, “बाई, कॉम्प्युटर.” बोलणारा टीव्ही आणि खाली त्याचा पाट, असंच त्यांना दिसायचं. मोठ्यांचं तर सोडूनच द्या.

आणि भीती! काय सांगू. बटण दाबायचं म्हणजे तव्याला बोट लावून बघतात तसं दाबायचं आणि हात झटकन मागे. चुकीचं काही टाइप केलं की पडद्यावर इंग्रजीत ‘चूक’ असं उमटायचं. ते उमटलं की मुलं कान पकडायची. खरंच, दोन्ही हातांनी कान पकडून पडद्यासमोर उभी. पहिल्यांदा मला हसू आलं. मग राग आला. मग काय आलं ते मला सांगता येत नाही. दारात मुख्याध्यापक उभे असायचेच. “हळू, हळू रे! अरे, जोरात दाबू नको, मोडेल. मोडलं तर कोण भरून देणार?” मी इकडे सांगतेय की बाळांनो, बटणं दाबून हे मोडत नाही, काय वाट्टेल ते दाबा, आणि दारातून हे सुरू. मुलांनी कुणाचं ऐकायचं? मोठ्या सरांचंच ना.

या सगळ्यांत एक मुलगी होती. दहिसरहून यायची, आई लोकांकडे पोळ्या लाटायची, वडिलांची गिरणी संपात गेलेली. अंगाने काटकुळी आणि तोंडाची टकळी अशी की प्रगतिपुस्तकावर ‘बडबड करते’ असा शेरा मी दर वर्षी लिहायचे. तिच्या टोळीचा नंबर लागला त्या पहिल्याच दिवशी तिने तळहात पसरून एका वेळी दहा बटणं दाबली. मागच्या चौघी किंचाळल्या. पडद्यावर अक्षरांची खिचडी झाली आणि खाली ‘चूक’. ती बिनधास्त माझ्याकडे वळून म्हणाली, “चूक तर चूक. पुसायचं कसं ते सांगा ना, बाई.”

मला तिला उचलून घ्यावंसं वाटलं. इतके दिवस ओरडून ओरडून मला जे सांगायचं होतं ते हेच तर होतं! मी तिला पुसायचं बटण दाखवलं, आणि तिने परत दहा बटणं दाबली.

भाद्रपद संपत आला तसा माझा जीव वरखाली व्हायला लागला. दिवाळी जवळ येत होती. मुलांना बेरजा करता येत होत्या, स्वतःचं नाव पडद्यावर आणता येत होतं. पण तो कॉलेजातला माणूस येऊन ‘स्वतः काय केलंत?’ विचारणार, तेव्हा काय दाखवायचं? इंग्रजी पुस्तकातली उदाहरणं आमच्या मुलांना परकी होती. एकात बर्फ पडला तर काय करायचं ते होतं. बर्फ! आमच्या मुलांनी बर्फ पाहिला तो गोळ्याच्या गाडीवर.

तेव्हा तीच म्हणाली, “बाई, पाटीवर काढतो ना एकांची सरस्वती, तशी ह्याच्यावर काढूया?”

दसऱ्याला पाटीपूजनासाठी आपल्याकडे पोरं एकाचे आकडे मांडून मांडून सरस्वती काढतात. खाली रुंद, वर निमुळती होत गेलेली. शाळेत जाणाऱ्या प्रत्येक मुलाला ती येते, कोणी शिकवलेलं आठवत नाही पण येते. मी म्हटलं, “काढ की.” मनात म्हटलं, बाई, तू सुटलीस.

मग जो काय उत्साह आला वर्गाला! गणिताच्या वहीतले चौकटीचे कागद फाडले. कुठल्या ओळीत आधी किती मोकळ्या जागा, मग किती एक, मग परत किती मोकळ्या, हे मोजायला अख्खी आठवी ‘ब’ लागली. व्हरांड्यात पहिल्यांदाच शांतता. एकाने शंका काढली, “बाई, ह्यात इंग्रजी एक आहे. देवीला चालेल?” तर ही म्हणाली, “गप रे. देवीला इंग्रजी येत नसेल का? विद्येची देवी ना ती?” तो निमूट बसला. पहिल्या खेपेला सरस्वती आली ती एका बाजूला कललेली. दुसऱ्या खेपेला मुकुट पायाशी. पोरं पोट धरून हसली. चुकीला हसली, कान पकडले नाहीत, हे माझ्या लक्षात आलं आणि मी खिडकीकडे तोंड करून डोळे पुसले. कशाला खोटं बोलू, मला रडूच आलं.

आणि एक दिवस ती नीट उमटली. काळ्या पडद्यावर पांढऱ्या एकांची, सरळ, देखणी सरस्वती. एकेक ओळ टाइप करणारी आमची ती बडबडी पोर पडद्याकडे बघत नुसती उभी राहिली. मग हळूच म्हणाली, “झकास झाली ना, बाई?”

मुख्याध्यापक बघायला आले आणि त्यांनी हात जोडले. मनापासून जोडले. म्हणाले, “बाई, सोनं केलंत. यंदा खंडेनवमीला सरस्वतीपूजन हिचंच. अध्यक्षांना सपत्नीक बोलावतो.” मशीनजवळ पूजा म्हटल्यावर मला आधी पाणी आठवलं. पण ‘नको’ कसं म्हणायचं? दुसऱ्या दिवशी दसऱ्याची सुट्टी, म्हणून शाळेतलं पूजन दर वर्षी खंडेनवमीलाच व्हायचं. यंदा मुलांनी केलेल्या सरस्वतीची पूजा होणार, पोरांच्या अंगावर मूठभर मांस चढलेलं. मी एवढंच म्हटलं, “सर, पूजा लांबून. कॉम्प्युटरवर पाण्याचा थेंबही पडता कामा नये.” ते म्हणाले, “म्हणजे काय! मला सांगता?” त्यांनी ते सगळ्यांना बजावलं. शिपायाला, संगीताच्या बाईंना, अध्यक्षांच्या घरीसुद्धा निरोप गेला. कॉम्प्युटरवर पाणी नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या.

खंडेनवमीला खोली झेंडूच्या माळांनी भरली. आठवी ‘ब’ धुतलेल्या गणवेशात, तेल लावून, भिंतीला चिकटून उभी. त्या मुलीच्या वेण्यांना नव्या कोऱ्या लाल रिबिनी. तिने सुरुवात करायची असं ठरलं होतं. तिने बटण दाबलं, पडद्यावर ओळीमागून ओळ सरस्वती उभी राहिली, आणि अध्यक्षांच्या पत्नी “अगंबाई!” म्हणाल्या. फार बरं वाटलं. त्यांचं वय झालेलं, नऊवारीतल्या, मऊ बोलणाऱ्या. त्यांनी पडद्याला हळदकुंकू लावलं नाही, लांबूनच बोट दाखवलं. फूल वाहिलं ते टेबलावर. माझ्याकडे बघून हसल्याही, म्हणाल्या, “काळजी करू नका हं. त्याच्यावर थेंब उडू देणार नाही.” मी निश्वास सोडला.

मग त्यांनी पेढ्यांची वाटी उचलली. नैवेद्य देवीच्या पुढ्यात ठेवायचा. देवी पडद्यात, आणि पुढ्यात काय, तर तो डबा. बटणांच्या मागच्या सपाट जागेवर त्यांनी वाटी अलगद ठेवली, पाटावर ठेवतात तशी. कुंकवाने माखलेल्या अक्षता वाहिल्या. आणि पळीत पाणी घेऊन वाटीभोवती फिरवलं, घरी रोज फिरवतात तसं, सवयीने, डोळे मिटून. मी “अहो!” म्हणेपर्यंत दुसरा फेरा झाला होता. कुंकवाचं पाणी फटींतून आत गेलं.

मी लोकांना ढकलून भिंतीपाशी धावले, बटण बंद केलं. काय उपयोग? तोवर सरस्वतीच्या ओळी तुटून वरखाली धावल्या होत्या, चर्र झालं होतं आणि पडदा काळा पडला होता. जळक्या प्लास्टिकचा वास सुटला. बाहेर व्हरांड्यात पेटीवर आरती सुरूच होती, त्यांना काय माहीत.

अध्यक्षांच्या पत्नी बावरून म्हणाल्या, “मी तर त्याला हातसुद्धा लावला नाही हो.” आणि ते त्यांच्या परीने अगदी खरं होतं! टीव्हीवर एक थेंब नव्हता. मी कुणावर ओरडायचं होतं, सांगा. त्या म्हाताऱ्या बाईंवर? ज्यांनी सांगितलेलं शब्दशः पाळलं होतं? मला ओरडायचं होतं, आणि समोर ओरडायला माणूसच नव्हता.

माणूस दसऱ्यानंतर सापडला. शाळा उघडली आणि प्रार्थनेनंतर मुख्याध्यापक बोलायला उभे राहिले. यंत्र बिघडल्याचं दुःख वगैरे सांगून म्हणाले, “आठवी ‘ब’च्या मुलांनी उत्साहाच्या भरात त्यात भलतंच काही भरलं. एकच आकडा इतक्या वेळा दिला की यंत्रावर ताण आला. यापुढे सर्वांनी ध्यानात ठेवावं, यंत्राशी खेळ करू नये.” सातशे पोरांच्या डोळ्यांदेखत आठवी ‘ब’ने माना खाली घातल्या.

मी तडक त्यांच्या खोलीत. दार लावलं नाही, मुद्दामच. “सर, काय बोललात हे? ताण कसला येतो? तुम्ही तिथे उभे होतात, पाणी गेलं ते तुम्ही पाहिलंत!”

“बाई, हळू बोला.”

“का हळू? पोरांना हळू बोललात का तुम्ही?”

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाले, “अध्यक्षांना काय सांगू मी? तुमच्या मिसेसनी मोडलं म्हणून? वरचा मजला त्यांच्यामुळे उभा राहतोय. उद्या त्यांनी हात काढून घेतला तर नववी-दहावी कुठे बसवू? मुलं काय, विसरतील. मुलांचं मनावर घ्यायचं नसतं.”

“मग मी सांगते सगळ्यांना.”

“सांगा,” ते म्हणाले. “कोण ऐकणार आहे, बाई?” हे त्यांनी मला खिजवायला म्हटलं नाही. त्यांचा चेहरा पार उतरलेला होता.

मी सांगितलंच. त्याच दिवशी वर्गात फळ्यावर तो डबा काढला, फटी काढल्या, पाणी कसं गेलं ते दाखवलं. “तुमची काहीएक चूक नाही. एक लाख वेळा एक दाबला तरी काही होत नाही.” वर्ग ऐकत होता. ती मुलगी शेवटच्या बाकावर जाऊन बसली होती, स्वतःहून. दसऱ्यानंतर सगळ्यांनी मला आपट्याची पानं दिली होती, तिने नाही. तिने हात वर केला. “बाई, मग मोठे सर खोटं बोलले?”

सगळा वर्ग माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, “हो. या वेळी सर चुकीचं बोलले.”

मग दुसरा एक मुलगा तिच्याकडे न बघता पुटपुटला, “सर खोटं कशाला बोलतील?” आणि मी काय सांगणार होते? की एका मजल्यासाठी बोलले? तेराव्या वर्षी हे कसं समजावतात? बाई बरोबर आणि सर चूक, असं त्या वयात कुठे असतं. त्यांना एवढंच कळलं की बाई आपल्याला पाठीशी घालतायत, प्रेमाने.

दोन दिवसांनी तिची आई आली. शाळेच्या फाटकाशीच उभी राहिली, पदराला पीठ लागलेलं. मला बाजूला घेऊन, मुलीच्या काळजीने, आपल्या मालवणीत म्हणाली, “बाई, आमच्या चेडवान ती मशीन मोडल्यान म्हणतत सगळे. तिका शाळेतसून काढतले काय हो?” मी तिचे हात धरले. म्हटलं, “कोणी काढणार नाही. तिने मोडलं नाही, खरंच नाही.” ती म्हणाली, “तुमी चांगल्या आसात म्हणान असा सांगतास.” आणि रडायलाच लागली. अरे देवा! खरं सांगितलं तर लोकांना ते माझा चांगुलपणा वाटत होता. मी कुठे डोकं आपटायचं?

एकच आशा उरली होती, तो कॉलेजातला माणूस. मी ऑफिसातून त्याला फोन केला, मुख्याध्यापकांच्या समोर, काय झालं ते सगळं जसंच्या तसं सांगितलं. तो सहामाही परीक्षा चालू असताना आला. स्क्रू काढून डबा उघडला. आत कुंकू सुकलेलं होतं आणि तांदळाचे दाणे अडकलेले होते. त्याने चिमट्याने एक दाणा उचलून दाखवला आणि हसला. “बाई, असा बिघाड मी पहिल्यांदाच बघतोय.”

मला तर आनंदच झाला. मुख्याध्यापकांना म्हटलं, “सर, बघा. बघितलंत ना? आता मुलांना सांगा.” मुख्याध्यापकांनी दाण्याकडे बघितलं, खाली मान घातली आणि म्हणाले, “बघितलं.”

“आणि मुलांनी केलं होतं हो,” मी त्या माणसाला म्हटलं. “स्वतःच्या हातांनी केलं होतं. तुम्ही म्हणाला होतात ना?” कागद दाखवले. चौकटीचे, खोडरबराने झिजलेले. त्याने ते नीट बघितले, एकेक. “छानच केलंय की,” तो म्हणाला. “पण बाई, ह्याचा सुटा भाग परदेशातून येतो. कधी येईल सांगवत नाही. आणि आला की मशीन चालू स्थितीत जिथे वापरलं जाईल तिथे द्यायचं असं वरून आलंय. इथे परत ठेवा म्हटलं तर मला विचारतील, पुढच्या दसऱ्याला काय?” तो ओशाळून बोलत होता. मी भांडले. अंधेरीच्या शाळेतल्या मुलांच्या घरीसुद्धा उद्या असली मशीनं येतील, आमच्या मुलांना परत कोण देणार, असंही बोलले. तो म्हणाला, “पटतंय, बाई.” सगळ्यांना माझं पटतच होतं.

प्रार्थनेच्या वेळी मुख्याध्यापक उभे राहून काही बोलतील, म्हणून मी रोज वाट पाहिली. दिवाळीची सुट्टी लागेपर्यंत पाहिली. ते सुविचार वाचायचे, परीक्षेच्या सूचना द्यायचे आणि बसायचे.

सुट्टी लागायच्या दिवशी टेम्पो आला. शिपायांनी पडदा आणि डबा खोक्यांत भरला. गुलाबी खोळ मुख्याध्यापकांनी स्वतः घडी करून वर ठेवली. पोरं घरी पळाली होती, कंदील-फटाक्यांची घाई. मी टेम्पोपाशी उभी होते, आणि ती आली. दप्तर छातीशी धरलेलं. इतक्या दिवसांत ती माझ्याशी आपणहून बोलली नव्हती.

“बाई, हा आता दुसऱ्या शाळेत जाणार?”

“हो गं. दुरुस्त झाला की.”

“तिथल्या बाई तुमच्या ओळखीच्या आहेत?”

ट्रेनिंगला माझ्या शेजारीच बसायच्या त्या. मी म्हटलं, “आहेत. का?”

तिने टेम्पोकडे एकदा बघितलं आणि आवाज खाली आणून म्हणाली, “त्यांना सांगाल? तिथल्या मुलांना म्हणावं, एवढे सगळे एक दाबू नका. परत बिघडेल.”

मी खाली वाकून, तिचे खांदे धरून, पुन्हा सगळं सांगितलं. पाणी, फटी, तांदळाचा दाणा. हवं तर शपथ घेते म्हटलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं, मोठं माणूस रडवेलं झालं की पोरं ऐकून घेतात तसं, आणि म्हणाली, “हो, बाई. पण सांगाल ना?”

ड्रायव्हरने टेम्पो चालू केला. ती हलायला तयार नव्हती. सांगेन, म्हटलं मी तिला. दुसरं काय म्हणणार होते.